उठलेली जकात आणि उरलेला कोड

२००७ सालच्या नोव्हेंबरात गुजरातेतील महानगरपालिकांच्या हद्दीवरील जकात उठली. बडोद्याच्या वेशीवर मालमोटारींच्या ज्या रांगा लागत त्या लागेनाशा झाल्या, आणि आज ज्यांनी नुकतीच विशी ओलांडली आहे त्या तरुणांना जकात नाके म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते. नाके उठले, परंतु नाक्याचा हिशेब सर्वत्र उठला असे मात्र नव्हे. व्यापाऱ्यांच्या संगणकांत खरेदीची नोंद ठेवणारे जे प्रोग्रॅम त्या काळी लिहिले गेले, त्यांतील कित्येकांच्या पोटात जकातीचा दर, मालाची वर्गवारी आणि आकारणीचे सूत्र अजून जसेच्या तसे बसलेले असते. त्याला कोणी हाक मारीत नाही. निदान मारीत नाही असे वाटते. या ‘वाटते’ शब्दातच सारी अडचण आहे.

सुभानपुरा हा बडोद्याच्या पश्चिमेकडील राहत्या सोसायट्यांचा भाग. अशा वस्तीत दोन खोल्यांची जागा घेऊन चार-पाच माणसे व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचा एक प्रोग्रॅम सांभाळीत आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. गिऱ्हाइके म्हणजे मांडवीकडील हार्डवेअरचा दुकानदार, मकरपुऱ्यातील लहान कारखानदार, हमरस्त्यावरील एखादा पेट्रोल पंप. प्रोग्रॅम प्रथम लिहिला गेला तो नव्वदीच्या दशकात, फॉक्सप्रो या त्या वेळी घरोघर चालणाऱ्या साधनात. तेव्हा राज्यात विक्रीकर होता. १ एप्रिल २००६ रोजी मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट आला. पुढल्या वर्षी जकात गेली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी लागू झाला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचेही दर बदलून बारा व अठ्ठावीस टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालावरून नाहीसे झाले. प्रत्येक वेळी नवा भाग जोडला गेला. जुना काढण्याची सवड मात्र कोणास झाली नाही, आणि त्यात कोणाचा विशेष दोष आहे असेही नाही. ठरल्या तारखेस नवा नियम चालू झाला पाहिजे ही निकड खरी असते. जुना नियम तसाच पडून राहिला तर त्या दिवशी कोणाचेही अडत नाही.

अशा पडून राहिलेल्या भागास धंद्यातील लोक ‘डेड कोड’ म्हणतात. त्याच्या तऱ्हा अनेक आहेत. काही आज्ञा अशा जागी असतात की तेथपर्यंत संगणक कधी पोहोचूच शकत नाही. काही फंक्शने, म्हणजे ठराविक काम करणाऱ्या आज्ञांचे गट, शाबूत असतात. परंतु त्यांना बोलावणारे दुसरे कोणी उरलेले नसते. काहींना बोलावले जाते, पण त्यांनी काढलेले उत्तर कोणी वापरीत नाही. आणि काही भाग एखाद्या बटणाआड झाकलेले असतात. ते बटण वर्षानुवर्षे बंद असते. हा शेवटचा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण बंद बटण म्हणजे काढून टाकलेले बटण नव्हे.

जागा अडते म्हणून डेड कोड काढावा, असे मात्र कोणी समजू नये. आजच्या संगणकास दहा हजार ओळींचे ओझे जाणवतही नाही. ओझे होते ते वाचणाऱ्यास. २०२५ च्या सप्टेंबरात दर बदलण्याची घाई झाली तेव्हा कराची आकारणी करणाऱ्या चार जागा सापडल्या असे धरू. त्यांतील दोन जिवंत, दोन मेलेल्या. वर्षभरापूर्वी कामास लागलेल्या मुलीने नेमकी मेलेली जागा दुरुस्त केली. बिल छापून पाहिले तर आकडा जुनाच. तिने पुन्हा तपासले, पुन्हा छापले. दुपार गेली. तिला कोणी चुकीचे शिकविले नव्हते. कोडच तिच्याशी खोटे बोलला. जिवंत आणि मृत यांची चेहरेपट्टी कागदावर अगदी सारखी असते, आणि प्रत्येक नवा माणूस ही किंमत पुन्हा एकदा भरतो.

दुपार गेली तर ती भरून काढता येते. परंतु मेलेला कोड उठून बसला म्हणजे काय होते, याचा दाखला न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात १ ऑगस्ट २०१२ रोजी मिळाला. नाइट कॅपिटल ही तेथील शेअरांच्या उलाढालीत मोठा वाटा असलेली दलाल पेढी. त्या दिवशी बाजारात एक नवी योजना सुरू व्हावयाची होती आणि तिच्यासाठी पेढीने आपल्या प्रोग्रॅममध्ये नवा कोड घातला. नवा कोड जागा करण्यासाठी एक खूण हवी होती. ती नव्याने निर्माण न करता पूर्वीच्या एका सोयीची खूण पुन्हा वापरण्यात आली. त्या जुन्या सोयीचे नाव होते ‘पॉवर पेग’. तिचा वापर २००३ सालीच थांबला होता, परंतु तिचा कोड काढला गेला नव्हता. इतकेच नव्हे, तर मागणीएवढे शेअर मिळाले की थांबावे, यासाठी जी मोजणी ठेवली जाई ती २००५ साली प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या जागी हलविण्यात आली, आणि त्यानंतर पॉवर पेग नीट चालते की नाही हे पाहण्याची गरज कोणास वाटली नाही. जे वापरातच नाही ते कशाला तपासावयाचे?

नवा कोड आठ सर्व्हरांवर चढवावयाचा होता. तो सातांवर चढला, आठवा राहून गेला. सकाळी बाजार उघडला. सात सर्व्हरांनी खूण पाहिली आणि नवे काम केले. आठव्याने तीच खूण पाहिली आणि नऊ वर्षे निजलेले पॉवर पेग जागे केले. मोजणी हलविलेली असल्यामुळे थांबावयाचे केव्हा हे त्याला कळेना; ते एकसारखे सौदे करीत सुटले. गोंधळ उडाल्यावर घाबरलेल्या लोकांनी ज्या सात सर्व्हरांवर नवा कोड नीट बसला होता त्यांच्यावरूनच तो उतरविला. खूण मात्र तशीच होती. म्हणून तेथेही जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांचे चाळीस लाखांवर सौदे होऊन गेले, आणि पेढीस ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा आला. पुढल्या वर्षी तेथील रोखे नियंत्रण मंडळाने १ कोटी २० लाख डॉलरांचा दंड बसविला. तोवर ती पेढी दुसरीत विलीन झालेली होती. मंडळाच्या निर्णयपत्रात एक बारीकसा तपशील आहे. त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वीच पेढीच्या संगणकाने आपल्या माणसांना ९७ ई-पत्रे धाडली होती, आणि त्यांत पॉवर पेगचे नावही होते. ती पत्रे धोक्याचा इशारा म्हणून वाचण्याचा रिवाज नव्हता, म्हणून कोणी वाचली नाहीत.

४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत आकाशात फुटले, त्याच्याही मुळाशी असाच एक प्रकार होता. दिशा जुळविणारा एक हिशेब उड्डाणापूर्वीच उपयोगी होता; उड्डाणानंतर काही काळ तो चालू ठेवण्याचे कारण जुन्या एरियान ४ साठी होते, नव्यासाठी नव्हते. तरी तो चालत राहिला. नव्या रॉकेटचा वेग अधिक, त्यामुळे एक आकडा ठरलेल्या खान्यात मावला नाही, आणि निरुपयोगी हिशेबातील त्या चुकीने मार्गदर्शनाची सारी यंत्रणा बंद पाडली.

या दोन गोष्टी ऐकल्यावर कोणीही म्हणेल की, मग आजच्या आज जकातीचे फंक्शन पुसून टाकावे. सुभानपुऱ्यातील कचेरीतही तरुण मंडळींचे मत असेच असते. परंतु एखादा कोड मेला आहे हे ओळखावयाचे कसे?

पहिली रीत सोपी आहे. प्रोग्रॅम जेथून सुरू होतो तेथून निघावे, तो कोणाकोणास बोलावितो ते टिपावे, ते पुढे कोणास बोलावितात ते टिपावे, आणि या वंशावळीत ज्याचे नाव येणार नाही ते बाजूस काढावे. हे काम आता यंत्रे करतात. कोड लिहिता लिहिताच न वापरलेले नाव फिकट करून दाखविणारी साधने सर्वांच्या हाताशी आहेत. मात्र या यंत्रांच्या सामर्थ्याला एक हद्द आहे, आणि ती कारागिरांच्या आळसामुळे पडलेली नाही. दिलेला कोणताही प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की नाही, हे सर्व प्रोग्रॅमांच्या बाबतीत अचूक सांगणारी एकच रीत असू शकत नाही, असे अ‍ॅलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ साली सिद्ध केले. त्यातूनच असेही निघते की, अमुक एक ओळ कधीतरी चालेल की नाही हेही कोणतेच यंत्र नेहमी सांगू शकणार नाही. काही ओळींविषयी ते छातीठोकपणे सांगेल. उरलेल्यांविषयी माणसालाच डोके चालवावे लागते.

व्यवहारातील अडचण तर याहून साधी आहे. फॉक्सप्रोमध्ये एक सोय होती: एखाद्या नावाखाली साठविलेला मजकूर जशाचा तसा आज्ञा म्हणून चालविता येई. तिला मॅक्रो म्हणत. काटकसरी प्रोग्रॅमरांनी तिचा भरपूर उपयोग केला. कराच्या काळाचे दोन अक्षरी लघुरूप आणि ‘आकार’ हा शब्द जोडून फंक्शनाचे नाव ऐन वेळी तयार करावयाचे, आणि त्याला हाक मारावयाची. मग साऱ्या कोडात ते पूर्ण नाव कितीही शोधले तरी सापडत नाही, कारण ते कोठे लिहिलेलेच नसते. प्रोग्रॅम पुढे दुसऱ्या भाषेत नेला तरी ही सवय बरोबर जाते. मेनूतील कामांची नावे एखाद्या तक्त्यात असतात, ती कोडात दिसत नाहीत. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांची यादी गिऱ्हाइकाच्या संगणकावर असते. आणि एखाद्या कारखानदाराच्या मुलाने आपल्या सोयीसाठी बनविलेला एक्सेलचा तक्ता कचेरीस न कळविता आपल्या प्रोग्रॅममधून आकडे उचलीत असतो. यांपैकी काहीच वंशावळीत उमटत नाही.

म्हणून दुसरी रीत, धीराची. संशयित फंक्शनाच्या पहिल्याच ओळीत एक टिपण घालावे: मला बोलावले, अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुकाने. हे टिपण लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या रोजनिशीत, जमा होते. मग वाट पाहावी. किती दिवस, हा प्रश्न कळीचा आहे. महिनाभर शांतता राहिली की पुरे, असे पुष्कळांस वाटते. हिशेबाच्या प्रोग्रॅमला ते मुळीच लागू नाही. दिवाळीस जे चालते ते जुलैत चालत नाही. काही कामे तिमाहीस होतात, काही वर्षातून एकदाच, ३१ मार्चच्या रात्री. यास्तव मार्चअखेर पोटात घेणारे एक पुरे वर्ष, ही किमान मुदत समजावी.

आणि वर्षभर हाक आली नाही म्हणजे गरजही नाही, असेही म्हणता येत नाही. येथे कायद्याच्या पंडितांकडून संगणकाच्या पंडितांनी काही घेण्यासारखे आहे. कायदा रद्द करताना जुन्या कायद्याखाली उत्पन्न झालेले हक्क, देणी आणि चालू असलेली प्रकरणे जिवंत राहतील, अशी तजवीज असते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या सहाव्या कलमात ती सर्वसाधारणपणे आहे, आणि २०१७ च्या जीएसटी कायद्यात १७४ वे कलम खास त्याचसाठी घातले आहे. नियम मरतो तेव्हा त्याच्या अमलाखाली झालेले व्यवहार मरत नाहीत. जुन्या दराने विकलेला माल गिऱ्हाइकाने परत आणला तर त्याची क्रेडिट नोट जुन्याच दराने निघते. म्हणजे बारा टक्क्यांचा कोड २२ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी मेला नव्हता. जीएसटीच्या हिशेबवह्या त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवाव्या लागतात. तोवर जुने बिल मागितले की छापता आले पाहिजे. आणि व्हॅट तर अजून जिवंतच आहे, कारण पेट्रोल व डिझेल जीएसटीच्या बाहेर राहिली. हार्डवेअरच्या दुकानात जो कोड नि:संशय मेला आहे तोच पेट्रोल पंपावर रोज शेकडो वेळा चालतो. कोणाच्या घरी मेला, हे विचारल्यावाचून त्याला मेला म्हणता येत नाही.

उलट काही प्रकरणे अगदी निर्मळ असतात, हेही सांगितले पाहिजे. नाही तर सावधगिरीच्या नावाखाली काहीच काढले जाणार नाही. चार आण्यांचे नाणे २०११ च्या जूनअखेर चलनातून गेले. बिलाची रक्कम जवळच्या चार आण्यांवर आणणारे फंक्शन त्यानंतर कोणास लागणार? जुन्या बिलांच्या रकमा नोंदीतच साठविलेल्या आहेत, त्या पुन्हा काढावयाच्या नाहीत. ते फंक्शन त्याच आठवड्यात काढता आले असते. २०१२ च्या डिसेंबरात लिनक्सच्या कर्त्यांनी इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरचा आधार काढून टाकला. लायनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स प्रथम ज्या यंत्रावर चालविले ते ३८६ चेच होते. जन्मघर सोडताना त्यांनी डोळ्यांत पाणी आणले नाही. ज्यांच्याकडे तसे यंत्र उरले असेल त्यांच्यासाठी जुन्या आवृत्त्या होत्याच.

जुनी आवृत्ती हाताशी असणे, हाच काढून टाकण्याच्या धैर्याचा आधार आहे. २००५ साली त्याच टॉरवाल्ड्स यांनी गिट हे साधन तयार केले, आणि आज लहानसहान कचेऱ्याही त्याच्या आधारे कामे करतात. कोडात झालेला प्रत्येक बदल, कोणी केला, केव्हा केला, कशासाठी केला, या टिपणासह गिटमध्ये राहतो आणि पाहिजे तेव्हा मागे घेता येतो. असे असूनही जुन्या वळणाचे प्रोग्रॅमर ओळी पुसण्याऐवजी त्यांच्यापुढे टिप्पणीची खूण घालून त्या झोपवून ठेवतात. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून. ही सवय सोडावी. झोपलेल्या ओळींना ना टेस्ट तपासते, ना कोणी दुरुस्त करते. पुढेमागे लागलीच, तर त्या ओळी भोवतालच्या कोडाशी जुळणार नाहीत.

काढण्याचा क्रमही सांभाळावयाचा असतो. प्रथम बोलावणारी वाट तोडावी आणि काही आठवडे जाऊ द्यावेत. मग फंक्शन पुसावे. आणि नोंदींच्या तक्त्यातील रकान्यास सर्वांत शेवटी हात लावावा, तोही लावावयाचाच असेल तर. पुसलेला कोड गिटमधून परत आणता येतो. परंतु पुसलेली माहिती तेथे नसते. एका वेळी एकच गोष्ट काढावी आणि ती काढण्याखेरीज त्या बदलात दुसरे काही करू नये. जकात काढता काढता शेजारचे नावही नीटनेटके करण्याचा मोह होतो. मग काही बिघडले तर नेमके काय मागे घ्यावयाचे हे कळत नाही. काढलेल्या बटणाची खूण दुसऱ्या कामास कदापि लावू नये. तिची किंमत नाइट कॅपिटल पेढीने मोजलेली आहे. आणि बदल सर्व गिऱ्हाइकांकडे पोहोचला की नाही हे मोजून घ्यावे, आठ म्हणजे आठ. दिवसही निवडावा. महिन्याच्या २० तारखेस विवरणपत्र भरावयाचे असते. १९ तारखेच्या संध्याकाळी सफाई काढणारा प्रोग्रॅमर स्वत: कितीही हुशार असो, उशिराचा दंड व्यापाऱ्यास बसतो.

आता सुभानपुऱ्यातील जकातीकडे वळू. तेथे टिपणाची ओळ एप्रिलात घातली गेली. मे गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. रोजनिशीत जकातीचे नाव नाही. ऑक्टोबरातच फंक्शन पुसावे असा आग्रह झाला. तो कसाबसा थोपविला गेला. ३१ मार्चच्या रात्री मांडवीच्या हार्डवेअरवाल्याने वर्षअखेरच्या शिल्लक मालाची किंमत काढली, आणि दुसऱ्या दिवशी रोजनिशीत एक ओळ दिसली. त्या दुकानात पितळी बिजागऱ्यांचा एक गठ्ठा २००६ सालच्या खरेदीचा, न खपता राहिलेला होता. हार्डवेअरच्या धंद्यात हे नवल नव्हे. शिल्लक मालाची किंमत काढणारा भाग खरेदीची किंमत, वाहतूक आणि त्या काळी भरलेली जकात यांची बेरीज दर वर्षी नव्याने करी, आणि जकातीसाठी बिलाच्या तारखेवरून फंक्शनाचे नाव जुळवून त्याला हाक मारी. फंक्शन ऑक्टोबरात पुसले असते, तर वर्षअखेरच्या रात्री काम अर्ध्यावर थांबले असते. तेही परवडले असते. चूक निदान दिसली असती. परंतु न सापडलेल्या फंक्शनाबद्दल शून्य धरण्याची सोय प्रोग्रॅममध्ये कोणी पूर्वी केलेली असती, तर माल कमी किमतीचा दिसला असता, नफ्याचा आकडा चुकला असता, आणि तो चुकला हे कोणास कळलेही नसते.

बिजागऱ्यांच्या एका गठ्ठ्यासाठी साऱ्या जकात खात्यास पोसावयाचे काय? नाही. एप्रिलात एक छोटे काम केले जाते: जुन्या खरेदीच्या प्रत्येक शिल्लक नगाची जकातीसह पडलेली किंमत एकदाच काढून नोंदीत लिहून ठेवावयाची, आणि शिल्लक मालाच्या भागाने पुढे तीच वाचावयाची. दोन्ही रीतींनी आलेले आकडे शेजारी शेजारी ठेवून पै न पै ताडून पाहतात. ते जुळल्यावर बोलावण्याची वाट तुटते. टिपणाची ओळ आणखी एक मार्च मुक्काम करते. या वेळी तिच्या नावापुढे काही नसते. त्यानंतर, महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील एका साध्या दिवशी, दर, वर्गवारी आणि सूत्र यांसह जकातीचे फंक्शन पुसले जाते, आणि बदलाच्या टिपणात पुसण्याचे कारण दोन वाक्यांत लिहिले जाते. खरेदीच्या तक्त्यातील जकातीचा रकाना तेवढा तसाच ठेवतात. २००६ सालचे बिल कोणी उघडलेच, तर वेशीवर भरलेला तो आकडा त्यावर दिसावयास हवा.